इंग्लंड: इयर सेव्हनला (सेकंडरीचं पहिलं वर्ष) हवी ती शाळा मिळाली नाही. अपील करायचंय, मदत हवी

रेवाची_आई | ४ मार्च २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आम्ही लंडनच्या पश्चिमेला, एम२५च्या (लंडनभोवतीचा रिंगरोड) बाहेर राहतो. काल सेकंडरीच्या ऑफर आल्या. अर्जात पसंतीक्रमाने चार शाळा लिहिल्या होत्या, चौथी मिळाली. पहिली शाळा घरापासून चालत वीसेक मिनिटांवर आहे. जागा अंतर बघून देतात; यंदा तिथली शेवटची ऑफर ०.९१२ मैलावर थांबली आणि आमचं घर १.०४ मैलावर. मिळालेली शाळा साडेतीन मैलांवर, मध्ये एक बस बदलावी लागते.

लेकीला टाइप वन डायबेटिस आहे. दंडावर सेन्सर, कमरेला पंप. आत्ताच्या प्रायमरीत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे निभावतं. पण सकाळच्या गर्दीत दोन बस, त्यात मध्येच साखर उतरली तर काय, या विचाराने मी कालपासून झोपले नाहीये.

अपील करायचं ठरवलंय. प्रश्न असे: मिळालेली शाळा स्वीकारली तर अपील लंगडं पडतं का? (नवरा म्हणतो, नाकारून टाक, म्हणजे आपण ठाम आहोत हे कळेल.) वकील किंवा ते 'अपील कन्सल्टंट' घ्यावेत का? आणि पत्रात नेमकं लिहायचं काय?

---

खडूस_काका | ४ मार्च, रात्री ११:१५

आधी स्वीकारा. आत्ता. मग बाकीचं वाचा.

स्वीकारल्याने अपिलावर काडीचा परिणाम होत नाही. नाकारलीत तर कौन्सिल म्हणेल, आम्ही जागा दिली होती, आता तुम्ही बघा. मग सप्टेंबरमध्ये जिथे उरली असेल तिथे जावं लागेल, आणि ती सहा मैलांवरही असू शकते. ठामपणा दाखवायला दुसरे प्रसंग येतील. भाऊसाहेबांना माझा नमस्कार सांगा.

---

पर्णिका | ५ मार्च, सकाळी ७:५०

खडूस काकांना अनुमोदन. शिवाय वेटिंग लिस्टवर नाव आहे ना, ते बघ. काही ठिकाणी आपोआप जातं, काही ठिकाणी कळवावं लागतं. वेटिंग लिस्ट आणि अपील या दोन वेगळ्या वाटा आहेत, दोन्ही एकदम चालू ठेवता येतात. यादी किमान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावीच लागते. आमच्या धाकट्याला जूनमध्ये यादीतूनच जागा मिळाली, अपिलाची तारीख यायच्या आधी. मात्र यादीत नंबर खालीही जातो बरं का. शाळेजवळ कोणी नवीन राहायला आलं की ते तुझ्या पुढे.

---

तिसरी_खुर्ची | ५ मार्च, रात्री ९:०५

मी दुसऱ्या एका काउंटीत अपील पॅनेलवर बसते. बिनपगारी, हौसेचं काम. पॅनेलवर किमान तीन माणसं असतात. त्यात निदान एक शिक्षणक्षेत्रातलं आणि निदान एक शाळा चालवण्याशी संबंध नसलेलं, म्हणजे माझ्यासारखं. तुमच्या भागाबद्दल मी बोलणार नाही, पण नियमांची संहिता सगळ्या इंग्लंडला एकच आहे: २०२२ची स्कूल ॲडमिशन अपील्स कोड. सरकारी वेबसाइटवर फुकट आहे आणि फार मोठी नाही. चहा घेता घेता वाचून होईल. (स्कॉटलंड आणि वेल्सवाल्यांनी हे वाचून गोंधळू नये, त्यांचे नियम वेगळे.)

आमच्यासमोर येणारे बहुतेक आईवडील एकाच गोष्टीवर घसरतात. ते सांगतात, ही शाळा किती छान आणि ती दुसरी किती वाईट. पॅनेल शाळांची तुलना करायला बसलेलं नसतं. इयर सेव्हनच्या अपिलाचे दोन टप्पे असतात.

पहिल्या टप्प्यात शाळेने सिद्ध करायचं असतं. प्रवेशाचे नियम कायद्याला धरून होते का, तुमच्या मुलीला ते बरोबर लावले का, आणि आणखी एक मूल घेतलं तर शाळेच्या कामावर खरोखर ताण येईल का. '१८० जागा ठरलेल्या आहेत आणि त्या भरल्या' एवढ्यावर शाळेचं भागत नाही, ताण दाखवावा लागतो. इथे पालकांनी प्रश्न विचारायचे असतात, आणि बहुतेक जण गप्प बसतात. इथे शाळा कमी पडली तर अपील तिथेच मंजूर होऊ शकतं.

दुसऱ्या टप्प्यात तराजू येतो. एका पारड्यात शाळेचा ताण, दुसऱ्यात तुमच्या मुलीला ही शाळा न मिळाल्याने होणारं नुकसान. दुसरं पारडं जड झालं की प्रवेश.

म्हणून पत्रात एकाच प्रश्नाचं उत्तर द्या: ह्याच मुलीला हीच शाळा का?

वकील नको. अपिलाला फी नाही, आणि पॅनेलसमोर वकील आला म्हणून कोणी दबत नाही. सोबत मैत्रीण किंवा नातेवाईक आणता येतात, बोलताना अडेल असं वाटलं तर त्यांनी बोललं तरी चालतं. दुभाषा हवा असेल तर क्लार्कला (पॅनेलचं कामकाज बघणारी व्यक्ती) आधी कळवा. मोफत माहितीसाठी कोरम या संस्थेची 'चाइल्ड लॉ ॲडव्हाइस' साइट बघा.

मुदत पत्रात असेल. ऑफरनंतर किमान २० शाळेचे दिवस मिळतातच. पण आधी फॉर्म भरा, कागद मागून जोडता येतात. त्यांची तारीख क्लार्क कळवतो, ती मात्र चुकवू नका.

---

आप्पा_डोंबिवली | ६ मार्च, दुपारी २:३०

माझी नात तिकडेच शिकते म्हणून हा धागा वाचतो आहे. एक भाबडा प्रश्न. मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून, एखाद्या नगरसेवकाचे वा खासदाराचे पत्र नेऊन काम होत नाही का? आमच्या वेळी इथे तसेच होत असे. आता आरटीईच्या पंचवीस टक्क्यांची सोडत निघते, तिथे कोणाचेच चालत नाही म्हणतात, ते एक बरे.

---

खडूस_काका | ६ मार्च, दुपारी ३:१०

आप्पा, इथले खासदार पत्र आनंदाने देतात. ते फाइलला लागतं आणि पॅनेल पुढचं पान उलटतं. मुख्याध्यापकांच्या हातात काही नसतं, आणि पॅनेलवरच्या माणसाचा त्या शाळेशी संबंध असला तर त्याला बसूच देत नाहीत.

---

रेवाची_आई | ९ मार्च, रात्री ११:५८

स्वीकारली शाळा. नवऱ्यालाही पटलं (काका, नमस्कार पोचवला). हा कच्चा मसुदा, मराठीत सारांश देते. फाडा बिनधास्त.

१. पहिली शाळा ऑफस्टेडला (शाळांची तपासणी करणारी सरकारी संस्था) आउटस्टँडिंग, निकाल उत्तम. मिळालेल्या शाळेबद्दल फेसबुकवर वाईट वाचलंय.
२. मुलगी हुशार आहे, पियानोची तिसरी ग्रेड झाली आहे, सर्टिफिकेट जोडलंय.
३. तिच्या दोन्ही मैत्रिणींना तीच शाळा मिळाली.
४. मी शिफ्टमध्ये काम करते, नवरा आठवड्यातून तीन दिवस लंडनला जातो.
५. डायबेटिस आहे, जवळची शाळा हवी.

---

तिसरी_खुर्ची | १० मार्च, रात्री ८:२०

तुम्हीच म्हणालात म्हणून फाडते.

एक पूर्ण काढा. शाळेला असे एकशब्दी शेरे देणं ऑफस्टेडने सप्टेंबर २०२४ पासून बंद केलंय. पण तो मुद्दा नाही. सगळ्यांनाच चांगली शाळा हवी असते, त्यात रेवाचं काय? आणि फेसबुकचा उल्लेख तर अजिबात नको.

दोन. पियानो वाजवणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात. पहिल्या शाळेत असं काही असेल की जे मिळालेल्या शाळेत नाही, आणि ती गोष्ट ती आत्ता मनापासून करते आहे, तरच ठेवा. सर्टिफिकेटची चळत पाठवू नका, आम्ही तिघं ती रात्री जागून वाचतो.

तीन, चार. एक ओळ पुरे. नोकरीच्या वेळा सगळ्यांच्याच अडचणीच्या असतात. मैत्रिणींच्या जागी 'अमुक मुलीला हायपोची (साखर उतरल्याची) लक्षणं ओळखता येतात, ती रोज सोबत चालत जाते' असं असेल आणि ते खरं असेल, तर तो वेगळा मुद्दा झाला.

पाच. हाच तुमचा मुद्दा आणि तुम्ही तो सगळ्यात शेवटी, पाच शब्दांत टाकलाय! वर आणा. पण एक सावधगिरी. नुसतं 'डायबेटिस आहे' म्हणालात तर शाळेचा प्रतिनिधी शांतपणे सांगेल की २०१४च्या कायद्यानुसार आजारी मुलांची काळजी घेणं प्रत्येक सरकारी शाळेला बंधनकारक आहे, मिळालेली शाळाही ते करेल. आणि ते खरं आहे. म्हणून मुद्दा शाळेत काय होतं हा ठेवू नका, वाटेत काय होतं हा ठेवा. डायबेटिस नर्सकडून पत्र घ्या. 'जवळची शाळा मिळाल्यास बरे' असलं गुळमुळीत नको. साखर किती वेळा उतरते, उतरल्यावर किती मिनिटांत काय करावं लागतं, ते एकटीला जमतं का, बस बदलताना काय धोका आहे, हे तिने तिच्या शब्दांत लिहावं.

---

माधुरी_मिल्टनकीन्स | १० मार्च, रात्री १०:४५

अगं, सेन्सरच्या ॲपमधून रिपोर्ट निघतो ना? सकाळी आठ ते नऊचा आलेख काढून जोड. माझ्या भाच्याचा आहे, त्यात लाल पट्टे स्पष्ट दिसतात.

आणि शाळेला आत्ताच ईमेल कर: गेल्या पाच वर्षांत इयर सेव्हनला ठरलेले आकडे किती आणि प्रत्यक्षात किती मुलं घेतली? आत्ता प्रत्येक इयरमध्ये किती आहेत? सायन्सच्या लॅबमध्ये किती बसतात? अपील करणाऱ्यांनी वाजवी माहिती मागितली तर द्यावीच लागते.

---

अकरावाप्लस | १४ मार्च, रात्री ९:३०

धागा थोडा हायजॅक करतोय, माफी. स्लाउ भागातल्या ग्रामरसाठी (प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या सरकारी शाळा) १११ गुण लागतात, लेकाला १०९ आले. परीक्षेच्या दिवशी ताप होता. अपीलात काही जमेल का?

---

तिसरी_खुर्ची | १४ मार्च, रात्री १०:१०

तापाचा त्या वेळचा कागद आहे का? त्याच दिवशी परीक्षा केंद्राला कळवलं होतं का? आता मार्चमध्ये आठवलेला ताप कोणी धरत नाही. पॅनेल बघतं की मूल त्या दर्जाचं आहे याचा परीक्षेबाहेरचा पुरावा काय. प्रायमरीच्या मुख्याध्यापकांचं पत्र, शाळेतल्या चाचण्यांचे आकडे, आणि तेही परीक्षेच्या आधीचे असतील तर जास्त चांगलं. ट्यूशनवाल्याच्या पत्राला वजन नाही. बकिंगहॅमशायरसारख्या ठिकाणी आधीच फेरविचार झाला असेल तर गणित आणखी वेगळं. सविस्तर हवं तर नवीन धागा काढा.

---

गवती_चहा | १७ एप्रिल, सकाळी ६:१५

काल रिसेप्शनच्या (प्रायमरीचा पहिला वर्ग) ऑफर आल्या आणि इथे रडारड चालू आहे. आमचं प्रकरण थोडं वेगळं. आम्ही ६ जानेवारीला नव्या घराचा ताबा घेतला आणि १० तारखेला कौन्सिलच्या पोर्टलवर नवा पत्ता टाकून काउन्सिल टॅक्सचं बिल आणि सॉलिसिटरचं पत्र अपलोड केलं. शेवटची तारीख १५ जानेवारी होती. कालच्या पत्रात घर ते शाळा अंतर १.३ मैल दाखवलंय. ते जुन्या घरापासूनचं! नव्या घरापासून ०.४ सुद्धा नाही. शाळेने शेवटची जागा ०.५३८ मैलावर दिली आहे. मैत्रीण म्हणते, इन्फंट क्लासमध्ये अपील जिंकताच येत नाही, तीसची मर्यादा आहे, नाद सोड.

---

तिसरी_खुर्ची | १७ एप्रिल, सकाळी ८:४०

मैत्रीण अर्धी बरोबर आहे. रिसेप्शन, इयर वन आणि टूमध्ये एका शिक्षकामागे ३० मुलं, ही १९९८च्या कायद्याने घातलेली मर्यादा आहे. तिथे तराजू नसतोच. 'आजी जवळ राहते', 'मोठा भाऊ पलीकडच्या शाळेत आहे' हे सगळं ऐकून घेतात, पण त्यावर जागा देता येत नाही. सुनावणीपर्यंत गेलेल्या सगळ्या अपिलांपैकी साधारण पाचातलं एक मंजूर होतं, इन्फंट क्लासमध्ये त्याहूनही बरंच कमी.

पण ज्या मोजक्या कारणांवर मिळतं, त्यातलंच एक तुमचं आहे: नियम चुकीचा लावला, आणि बरोबर लावला असता तर जागा मिळालीच असती. तुमच्याकडे तीन कागद हवेत. अपलोड केल्याची पोचपावती तारखेसह, ताब्याचं पत्र, आणि शेवटच्या ऑफरचं अंतर. त्यावर सुनावणीची वाटही बघू नका, आजच ॲडमिशन टीमला ईमेल करा. चूक त्यांची असल्याचं निष्पन्न झालं तर तुमचं मूल तिथे एकतिसावं म्हणूनही चालतं, कायद्यातच तसा अपवाद आहे. अपीलही टाकून ठेवा.

---

गवती_चहा | १७ एप्रिल, सकाळी ९:०२

पोचपावतीचा ईमेल सापडला! जंकमध्ये होता. 'तुमचे २ दस्तऐवज मिळाले', १० जानेवारी, ४:५१.

---

खडूस_काका | १७ एप्रिल, सकाळी ९:०५

त्या ईमेलची प्रिंट काढा, पीडीएफ करा, नवऱ्याला पाठवा, आईला पाठवा. काय वाट्टेल ते करा, पण ती हरवू नका.

---

गवती_चहा | १ मे, सायंकाळी ५:२०

मंडळी, मिळाली!!! कौन्सिलचा फोन आला. दस्तऐवज आले होते पण 'खात्याशी जोडले गेले नाहीत' म्हणे. दिलगिरीचं पत्र आणि ऑफर एकाच पाकिटात. सुनावणी झालीच नाही. तिसरी खुर्ची, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. पेढे व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवता येत नाहीत.

---

रेवाची_आई | २१ मे, रात्री ९:३०

अभिनंदन गवती चहा! खूप बरं वाटलं.

आमची सुनावणी काल झाली, टीम्सवर. सकाळी सगळ्या पालकांचा पहिला टप्पा एकत्र. शाळेच्या प्रतिनिधी बाई नकाशा दाखवून सांगत होत्या की कॉरिडॉर एवढे अरुंद की एकाच दिशेने चालायचा नियम आहे, आणि लॅबमध्ये तीसच स्टुलं. माधुरीताईंनी सांगितलेले आकडे मी विचारले. २०२२ला १८० ऐवजी १८६ मुलं घेतली होती, ते त्यांनी मान्य केलं. मग अध्यक्ष बाईंनी विचारलं, त्या वर्षी काय त्रास झाला? त्यावर त्या थोड्या अडखळल्या आणि जेवणाच्या दोन पाळ्या कराव्या लागल्या, असं म्हणाल्या. बाकीचे पालक गप्पच होते. एक बाबा मात्र कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते, त्यांनी वर्गांचे चौरस मीटरच काढले.

दुपारी आमची एकट्यांची वेळ. नर्सचं पत्र त्यांनी नीट वाचलेलं दिसलं. दोन बसच्या मध्ये किती वेळ उभं राहावं लागतं, तिच्याकडे फोन असतो का, साखर उतरल्यावर ती बोलू शकते का, असे प्रश्न आले. मग शिक्षणक्षेत्रातल्या सरांनी विचारलं, तुम्ही कौन्सिलकडे शाळेच्या वाहनासाठी अर्ज केलाय का? नव्हता केला. अंतर तीन मैलांहून जास्त आहे आणि त्याहून जवळच्या शाळेत जागा नाही, म्हणजे आम्ही कदाचित पात्र आहोत, हे तिथेच कळलं.

---

पर्णिका | २१ मे, रात्री १०:००

अगं बाई. म्हणजे प्रवासाचा मुद्दा...

---

रेवाची_आई | २४ मे, सकाळी ११:१०

काल निकालाची ईमेल आली. नामंजूर.

पत्र तीन पानी आहे, सभ्य आहे. पहिल्या टप्प्यात शाळेवर ताण येईल हे त्यांनी मान्य केलं, जेवणाच्या पाळ्यांसकट. आमच्या बाबतीत लिहिलंय की मुलीच्या प्रकृतीमुळे दोन बसचा प्रवास अवघड आहे हे पॅनेलला पटलं, पण वाहनाची सोय होण्याची शक्यता असल्याने ती अडचण दुसऱ्या मार्गाने दूर होऊ शकते. म्हणून पारडं आमच्या बाजूला झुकत नाही. आमच्या गटातल्या दोन मुलांची अपिलं मंजूर झाल्याचं त्या कॅल्क्युलेटरवाल्या बाबांकडून कळलं. त्यांचं नाही झालं.

काल खूप वाईट वाटलं. आज सकाळी वाहनाचा अर्ज भरला, नर्सचं तेच पत्र जोडून.

---

तिसरी_खुर्ची | २४ मे, दुपारी १२:३०

वाईट वाटणारच. पत्र इथे सांगितलंत हे बरं केलंत, पुढच्यांना उपयोग होईल.

आता काय उरतं ते सांगते. वर अपील नाही. शाळा कौन्सिलची असेल तर ओम्बड्समनकडे (तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) आणि ॲकॅडमी (कौन्सिलच्या ताब्यात नसलेली सरकारी शाळा) असेल तर शिक्षण खात्याकडे तक्रार जाते, पण ती सुनावणी नियमबाह्य झाली असेल तरच. निकाल पटला नाही एवढ्यावर नाही. तुम्ही वर्णन केलंत त्यावरून सुनावणी व्यवस्थित झालेली दिसते. त्याच शाळेसाठी त्याच वर्षी पुन्हा अपीलही होत नाही, परिस्थितीत मोठा बदल झाला तरच.

वेटिंग लिस्ट चालू ठेवा. वाहनाच्या अर्जात टॅक्सीच हवी असेल तर 'बसमध्ये एकटीने सुरक्षित नाही' हे वाक्य नर्सकडून स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर बसचा पास देऊन मोकळे होतील. आणि मिळालेल्या शाळेला जूनमध्येच भेटा. आरोग्याची काळजी कशी घेणार याचा लेखी आराखडा सप्टेंबरच्या आधी तयार हवा: इन्सुलिन कुठे ठेवायचं, कोणाला शिकवलंय, पीईच्या तासाला काय.

---

खडूस_काका | २४ मे, दुपारी १:००

आणि फेसबुकवर त्या शाळेबद्दल वाचू नका. माझा थोरला तसल्याच एका 'वाईट' शाळेत गेला होता. आता घरी येऊन मलाच गणित शिकवतो.

---

माधुरी_मिल्टनकीन्स | २४ मे, दुपारी १:४५

रेवाची आई, मिळालेली शाळा कुठल्या रस्त्यावर आहे ते व्यनिने सांग. माझी नणंद त्या बाजूला राहते, तिच्या मुली कदाचित त्याच शाळेत आहेत. तिला विचारते, कुठली बस घेतात ते.

---

रेवाची_आई | २४ मे, दुपारी २:२०

व्यनि केला. वाहनाच्या अर्जाचं काय झालं ते इथेच लिहीन. जाता जाता, वेटिंग लिस्टवर आमचा नंबर कालपर्यंत ७ होता, आज ६ दिसतोय.